खातेधारक

मंगळवारी दुपारी वानरांची टोळी
पाण्याच्या टाकीवरून शाळेच्या कवेलूंवर उतरली
आणि मधल्या वायरला लोंबकळलेलं एक पिल्लू
वायरसकट खाली आलं.
पिल्लाला काही झालं नाही.
माझ्या दुकानातला हिरवा दिवा लाल झाला.

मराठीसाठी दोन.
तक्रारीसाठी चार.
चार दाबलं की बासरी.
ती मला पाठ आहे आता,
चौदाव्या मिनिटाला एकदा अडखळते,
तिथे मी पाण्याचा घोट घेते.

बाहेर बाकड्यावर
जात पडताळणीवाली पोरगी, तिची मुदत आज पाचपर्यंत,
हयातीच्या दाखल्यासाठी आलेले असोले मास्तर,
आणि एक जण नुसताच, सावलीला.
"काहो बाई, जित्ता हाओ का नाई मी आज?"
"लाइन आली का सांगतो, मास्तर."

फोनवरची मुलगी गोड बोलते.
मॉडेम बंद करून पुन्हा चालू केलात का?
केला.
वायर कशानं तुटली?
वानरानं.
बराच वेळ टकटक.
"मॅडम, इथे पाऊस आहे, रस्त्याचं काम आहे, उंदीर आहे.
वानर हा पर्याय नाही."
म्हटलं, उंदीर लिहा.
मोठा होता म्हणून लिहा.

मग नेहमीचं.
"खातेधारकाशी बोलणं होईल का?"

खातेधारक गुणवंत सखाराम ढोरे,
माझे मामाजी, नवऱ्याचे वडील.
तुरी फुलावर होत्या तेव्हा गेले, दोन वर्षं झाली.
सातबाऱ्यावरून नाव उतरलं, रेशनकार्डावरून उतरलं,
बँकेनंसुद्धा सहाव्या चकरेला मानलं.
ही कंपनी तेवढी
अजून त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवते.
नाव बदलायचं तर खातेधारकानं
स्वतः, मूळ ओळखपत्र घेऊन,
यवतमाळच्या कार्यालयात हजर राहावं, असा नियम आहे.

"ते बाहेर गेलेत," मी म्हणते.
"कधीपर्यंत येतील?"
याचं उत्तर मला अजून जमलेलं नाही.
"ठीक आहे मॅडम, त्यांच्या नंबरवर ओटीपी पाठवते."

ड्रॉवरमध्ये, पावतीबुकाखाली,
त्यांचा बटणांचा फोन.
पाठीला रबरबँड,
तीनचं बटण तंबाखूच्या भुकटीनं बसलेलं.
दर महिन्याला मी त्यात रिचार्ज मारते,
घरी सांगत नाही केवढ्याचा.
तो थरथरतो, लाकडावर बोटभर पुढे सरकतो
आणि दरवेळी
माझा हात डोक्यावरच्या पदराकडे जातो.

आठ. शून्य. दोन. सहा.
"धन्यवाद, गुणवंतजी."

पोरगी साडेतीनच्या एसटीनं दारव्ह्याला गेली.
पाचच्या आत पोचली का, ते मी विचारलं नाही,
तिनं पण सांगितलं नाही.
मास्तर रोज येतात, बसतात,
आपण अजून आहोत हे मला दाखवून जातात.

शुक्रवारी मेसेज आला,
तंत्रज्ञ येऊन गेला, तक्रार निकाली,
सेवेला पाचपैकी किती तारे?
आलं कोणीच नव्हतं.
वायर तशीच, शाळेच्या फाटकावर
पोरांनी तिचा झोका केलेला.

शनिवारी मात्र खरंच आला,
नीळकंठ मडावी, मोटरसायकलला शिडी आडवी बांधून.
मोबाइल पाहून डोकं खाजवलं.
"वहिनी, हे त बंद दाखोते.
बंद तक्रारीचे पैसे भेटत नाई मले.
नवी टाका."

पुन्हा दोन. पुन्हा चार.
स्पीकर लावून फोन मधे ठेवला,
तो पायरीवर चहा घेऊन बसला.
चौदाव्या मिनिटाला बासरी अडखळली
आणि त्याची मानही तिथेच हलली.
"मीबी हेच आयकतो," म्हणाला,
"तीन महिन्याचा पगार इचाराले."

मग दोघं गप्प.
टाकीवर वानरं शेपट्या सोडून बसलेली.
कोणीतरी पलीकडून बोललं, नाव विचारलं,
उंदीर लिहून घेतला.
ड्रॉवर थरथरला.
नीळकंठनंच आधी तिकडे पाहिलं,
कप खाली ठेवला.
"घ्या वहिनी,
आले तुमचे मामाजी."