नेम

पेच शहरात, चौथ्या मजल्यावर,
स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला
इल्दिकोचं ऑफिस आहे.
दुसऱ्या टोकाला कालचा बटाट्याचा रस्सा,
आणि मधल्या हद्दीवर
वय वर्षं दोन, महिने तीन.

नाव झोंबोर.
तिकडे म्हणे या नावाचा अर्थ रानगवा.
आपल्याला अर्थ विचारायची गरजच नाही,
नावातच झोंबाझोंबी आहे.

इल्दिको विमा कंपनीत.
लोकांच्या घरात काय फुटलं, किती फुटलं,
कुणामुळे फुटलं,
हे ती फोनवरून विचारते, मऊ आवाजात,
आणि नेमकं तेव्हाच तिच्या पाठीमागे काहीतरी फुटतं.

"नुकसान झालं तेव्हा आपण कुठे होतात?"
सेगेदचे काल्मान आजोबा म्हणतात, "खुर्चीत."
तीही खुर्चीतच असते.
"पाणी कुठून येत होतं?"
"छतातून."
तिच्याकडे पाणी बुटातून येतंय,
नवऱ्याच्या, डाव्या,
ज्यात झोंबोरने सकाळपासून
एक पेला, अजून एक पेला करत तळं केलंय
आणि तळ्यात बटाटा सोडलाय.
बटाटा म्हणजे बदक. विचारू नका.

झोंबोरला एकच शब्द पक्का येतो: नेम.
त्यांच्या भाषेत नेम म्हणजे नाही.
जेवतोस? नेम.
झोपतोस? नेम.
आईला दहा मिनिटं देतोस, माझ्या राजा?
नेम, नेम, नेम.
एवढा नेम तोंडात असून
त्याचा काही नेम नाही.

साडेदहाची मीटिंग.
अकरा खिडक्या, अकरा गंभीर चेहरे,
तिहामेर साहेब तिमाहीचे आकडे वाचताहेत.
इल्दिकोने माइक बंद केलाय, दार लोटलंय,
कार्टूनवरची बंदी उठवलीय.
तत्त्वं काय, उद्यापासून पुन्हा पाळता येतात.
आणि मागून येतो तो:
पॉटी डोक्यावर, फेट्यासारखी जरा तिरकी,
कपाळभर पाप्रिकेचा मळवट,
अंगावर फक्त एक मोजा.
तोही हातात चढवलेला.

कुणी हसत नाही.
पिरोश्का पेन उचलायला खाली वाकते, ती वर येतच नाही.
तिहामेर साहेबांचा कॅमेरा अचानक बिघडतो,
आवाज तेवढा येत राहतो:
"बावीस टक्के... बावीस... माफ करा... टक्के."

इल्दिको झटकन उठते,
म्हणजे उठायला जाते.
टेबलाखाली कुणीतरी तिच्या पायांना आणि खुर्चीला
हिरव्या लोकरीचे वेढे दिलेत,
गाठ एकही नाही, पण काम मन लावून केलेलं.
ती खुर्चीसकट निघते.

दुपारी नवऱ्याचा फोन, बस डेपोतून:
"घरीच आहेस ना, मग तेवढे कपडे..."
"नेम," ती म्हणते.
मूल आईकडून शिकतं असं कुणी सांगितलं?

रात्री दहाला रानगवा आडवा होतो,
पलंगाला आडवा, मोज्याचा हात उशीवर.
इल्दिको मेलपेटी उघडते
आणि तिच्या पोटात गोळा येतो.
चार वाजून सात मिनिटांनी
तिच्या नावाने साहेबांना एक मेल गेलीय:
ककककककगगग;;;;९
खाली तिहामेर साहेबांचं उत्तर:
"मुद्दा पटला. पुढे चालू द्या."
ती ते दोनदा वाचते.
पाच वर्षांत तिचा एकही मुद्दा
इतक्या पटकन पटला नव्हता.

सकाळी आठ. सेगेदहून फोन.
काल्मान आजोबांना फॉर्ममध्ये
कसलीतरी दुरुस्ती सांगायची आहे.
कसली, ते त्यांना आठवत नाही.
खोकतात, थांबतात,
मग हळूच विचारतात:
"बदक बुडालं तर नाही ना?"