झाल्यास

सकाळच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहिलं:
कलम एक्कावन्न. 'सशस्त्र हल्ला झाल्यास'.
मागच्या बाकावरून मुक्ता बेलसरे:
"झाल्यास म्हणजे झाल्यावर ना, सर?
की होणारसं वाटल्यावर?"

मी कॅरोलाइनची गोष्ट सांगितली.
पेटवून धबधब्याकडे सोडलेली बोट,
आणि मागाहून आलेलं ते पत्र:
गरज अशी हवी की विचाराला क्षण उरू नये.
तिनं 'क्षण'खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे लॉ कॉलेजच्या टेकडीवर,
खाणीच्या वळणाशी
एक पिवळं कुत्रं. उभं. नुसतं उभं.
मी वाकलो.
दगड नव्हताच तिथं, रिकामी मूठ उचलली
आणि ते केकाटत सुटलं
तीन पायांवर,
न मारलेला दगड अंगावर घेऊन.

मागून आलेले सोहोनी थांबले. "चावलं?"
"चावणार होतं."
"छे हो. रोज माझ्याकडे बिस्किटाला येतं ते."

आज फळा पुसला.
'हल्ला' एका हातात गेला,
'झाल्यास' पुसट राहिलंच.
दारात मुक्ता:
"सर, हे परीक्षेला येणार?"
"येणार असं धरूनच चाल,"
म्हणालो,
आणि खडूची मूठ
उघडेना.