आवक-जावक

सोहारच्या बंदरामागं, सुट्या भागांच्या गोदामात
काचेला बाहेरून घाम फुटलेला.
मयेकरांनी लेकीनं घेऊन दिलेला लॅपटॉप उघडला,
स्क्रीनवरचं प्लास्टिक अजून तसंच.
गुरुवारी व्हिसा रद्द. त्याच रात्री कंपनी
त्यांचा पत्ता बंद करणार.
"तेच्याआधी माझी सगळी मेलां ह्येच्यात घाल गो."

प्रोग्रामनं आधी नाव विचारलं.
त्यांनी सांगितलं पासपोर्टवरचं, बापाच्या नावासकट.
मी नुसतं दत्ताराम टाकलं, तर म्हणाले, पुरता लिव.
पुरतं लिहिलं.
पासवर्ड त्यांनी कानात सांगितला,
गोदामात आम्ही दोघंच होतो, तरी.
गायीचं नाव, आणि ती विकली ते साल.

मग सर्व्हर. येणाऱ्याचा वेगळा, जाणाऱ्याचा वेगळा.
"म्हणजे आवक-जावक," म्हणाले,
आणि खुर्ची पुढं ओढली.
सव्वीस वर्षं तेच तर लिहिलेलं:
गॅस्केट आले चाळीस, गेले बारा.
पोर्ट कुठला, असं विचारतंय, मी म्हटलं.
"सोहार. आणि खंयचो?"
मी गुपचूप नऊशे पंच्याण्णव लिहिलं.

आवक लगेच जुळली.
जावक अडली.
लाल अक्षरांत: ओळख पटलेली नाही.
तीनदा.
मग सापडली ती बारकी चौकट, तीन खिडक्या आत:
जाणाऱ्या सर्व्हरलाही पासवर्ड लागतो.
"लागतलोच. भायर जाताना कागद जास्त लागतत,"
आणि खिशावरून हात फिरवला.
क्लिअरन्सची घडी होती तिथंच.

शेवटचा प्रश्न: सर्व्हरवर प्रत ठेवायची?
की चौदा दिवसांनी पुसायची?
"तेराव्यावर एक दिवस जास्तीच दिल्यान!"
हसले. मग बराच वेळ
एसीचं पाणी बादलीत पडत राहिलं.
"रवांदे गो थंय एक. आपल्याक काय भाडा पडता?"
गुरुवारी तिथलं सगळंच जाणार,
हे मी बोलले नाही. त्यांना माहीत होतं.
चौकटीत खूण केली.

मेल उतरू लागल्या. चार हजार दोनशे सहा.
बेअरिंगचं कोटेशन, लेकीची बारावी,
विहिरीच्या पंपाची पावती,
मस्कतच्या साहेबाचं नुसतंच "ओके",
पुन्हा बेअरिंग.
मधेच एक बायकोचं,
मेहुण्याकडून टाइप करून घेतलेलं.
तिथं माऊस थांबला. उघडलं नाही.

चाचणीचा संदेश मी पाठवणार होते, नेहमीचा.
"थांब," म्हणाले, आणि एका बोटानं
स्वतःच्याच पत्त्यावर,
मराठी जमेना म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलं:
पोचलो.
पाठवलं. क्षणभर काहीच नाही.
मग सगळ्यांच्या वर, ठळक, न वाचलेलं.

मयेकरांनी चष्मा पुसून लावला,
उघडलं,
आणि पहिल्यापासून वाचायला लागले.