साक्षीदार क्रमांक दोन

मृत्युपत्रात काय लिहिलंय
हे साक्षीदाराला माहीत असावं लागत नाही.
वकील म्हणाले, कलशेट्टी, तुम्ही फक्त हात बघायचा,
सही करणारा हात.
तेवढं मला जमतं.
पस्तीस वर्षं जॉबर होतो,
कुठल्या मागावरच्या हाताला डुलकी लागलीय
ते नुसत्या खटखटीवरून सांगायचो.

मल्लेशम गुंडेटीचा हात त्या दिवशी थरथरत होता.
दत्तनगर, वर पत्रा, मे महिना,
खाली चारातले दोन माग चालू.
त्यानं तेलुगूत सही केली,
मग काय वाटलं कोण जाणे, शेजारी अंगठाही उठवला.
"मोठा माणूस झालास बे," म्हणाला,
"तुझ्या सहीशिवाय मला मरता येईना."
चहा आला. पहिले साक्षीदार डॉक्टर होते,
त्यांनी घेतला नाही, त्यांचाही मीच प्यायलो.

आता डॉक्टरही नाहीत.
म्हणून समन्स माझ्या दारात,
आणि पिंजऱ्यात मी, इस्त्रीचा शर्ट घालून.
मी त्याला सही करताना पाहिलं.
त्यानं मला सही करताना पाहिलं.
शुद्धीत होता का? होता की,
तासाभरापूर्वी टॉवेलची किनार वाकडी गेली म्हणून
शिव्या देत होता.

मग कागद वाचला गेला, तेव्हा मी तो पहिल्यांदा ऐकला.
घर श्रीनिवासला. कारखान्याची जागा अंबादासला.
चार नंबरचा माग मुलीला, भूलक्ष्मीला,
कारण लहानपणी ती त्याच्याखाली झोपायची.
तो माग!
यल्लम्माच्या ऑपरेशनच्या वर्षी भंगारात गेला तो.
नट मीच सोडवले होते,
काट्यावर चढवताना मल्लेशम तोंड फिरवून उभा होता.
कागद बदलायचं मात्र कुणाला सुचलं नाही.
वकील म्हणाले, दिलेली वस्तूच उरली नाही
तर देणंही उरत नाही.

मृत्युपत्र नसतं तर तिला तिसरा हिस्सा होता,
भावांच्या बरोबरीचा.
पण स्वकष्टाची मिळकत, बापानं कुणालाही द्यावी.
सही खोटी आहे असं तिचं म्हणणं होतं,
आणि सही खरी आहे असं माझं.
ती मागच्या बाकावर बसली होती,
विडीच्या कात्रीनं चिरलेली बोटं पदरात धरून.
माझ्याकडे बघितलं नाही तिनं.

शेवटी एक ओळ होती, सगळ्या मृत्युपत्रांत असते म्हणे:
याखेरीज जे काही निघेल ते भूलक्ष्मीचं.
श्रीनिवास हसला.
काय निघणार? दोन पितळी डबे, एक सायकल.

"या मृत्युपत्रातून तुम्हाला काही मिळालं?"
नाही साहेब.
खरं होतं ते.
मल्लेशमचं माझ्याकडे काय येणं होतं
हे कुणी विचारलंच नाही.
नऊ हजार. थोरलीच्या लग्नाला. कागद नाही, व्याज नाही.
पायऱ्या उतरताना वकिलांना सहज विचारलं.
तीन वर्षांवर गेलं ना? मग विसरा, कायद्यानं बुडालं.

कायद्यानं बुडालं ते मी रविवारी काढलं,
पतपेढीतून, नव्या नोटा,
आणि विडी घरकुलला गेलो.
ती सुपापुढे बसली होती. म्हटलं, हे उरलेलं.
कशाचं उरलेलं?
सांगितलं.
बराच वेळ पान कातरत राहिली.
"तो हात नायनाचाच होता का?"
होय.
"थरथरत होता?"
होय.

मग नोटा दोनदा मोजल्या,
पोराच्या वहीतलं पान फाडलं,
लिहा म्हणाली, किती, कशाचे, कुणाचे.
मी लिहायला घेतलं तशी
शेजारच्या दोघींना हाक मारली.
आल्या, बोटांना तंबाखू तशीच.
कागदावर काय आहे ते त्यांनी विचारलं नाही.
भूलक्ष्मी म्हणाली,
यांचा हात बघा फक्त.