किगालीत, टॉर्च घेऊन

बॅगेत टॉर्च होता, दोन मेणबत्त्या,
पाणी शुद्ध करायच्या गोळ्या,
आणि शेजारच्या सबनीसांचा सल्ला:
अंधार पडायच्या आत खोलीवर.

विमानतळावर एका मुलीने हसत
माझ्या चपलांची प्लास्टिकची पिशवी तेवढी काढून घेतली.
"ही इथे चालत नाही."
चपला परत मिळाल्या, कागदात.
काहीतरी चोरून आणल्यासारखी
मी लाजले.

बाहेर टेकड्या. टेकडीआड टेकडी,
आणि दिवे,
तव्यावर तीळ तडतडावेत तसे.

मोटारसायकलवाल्याने आधी हेल्मेट दिलं.
माझा अंबाडा त्यात मावेना.
मी पिना काढेपर्यंत तो
दुसरीकडे बघत राहिला.
न्दायिसाबा, नाव विचारल्यावर म्हणाला.

सिग्नल लाल. रस्त्यावर चिटपाखरू नाही.
तरी थांबला.
बत्तीस, एकतीस, तीस...
माझ्या पायांना घाई सुटली, जुनी, सवयीची.
"पोलीस आहे का कुठे?"
त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं,
अगदी मनापासून शोधला.
"नाही," म्हणाला,
आणि थांबूनच राहिला.

कडेला एक बाई
झाडलेलाच रस्ता पुन्हा झाडत होती.

खोलीत गरम पाणी. वायफाय.
सबनीसांचा फोन: "कसं आहे तिकडे?"
काय सांगणार?
"उजेड आहे," म्हटलं.
"तरी जपून," ते म्हणाले.

मग दिवा मालवून
उगाच टॉर्च लावून पाहिला, चालतो का.
छतावर थरथरणारा
लहानसा पिवळा गोल,
घरून सोबत आणलेला.