अनुच्चारित

संमतीपत्रावर छापलं होतं :
'रुग्णाच्या शिरातून पाच मिली रक्त घेतले जाईल.'
निळकंठ हसला. चार महिन्यांत पहिल्यांदा.
"शिरातून नको, अक्का. शिरेतून घ्यायला सांग."
बत्तीस वर्षं मुद्रितं तपासते मी.
माझ्या नजरेतून सुटली होती ती मात्रा.

महाप्याला, एमआयडीसीत,
रंगाच्या कारखान्यामागे प्रयोगशाळा.
आधी त्याच्या दंडाला रबरी पट्टी, मग माझ्या.
दोन्ही नळ्यांना जांभळी टोपणं.
माझ्या नळीवर चिठ्ठी : निरोगी भावंड.

डॉक्टर तांडेल लिफाफ्याच्या पाठीवर लिहून दाखवतात.
सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरचं जनुक,
त्यात या जागी कुणाकडे टी, कुणाकडे सी.
टीसीटी लिहा की टीसीसी,
पेशी वाचते सेरीनच.
"मग चूक कुठली?"
"चूक म्हणत नाही आम्ही."
"पाठभेद," मी म्हटलं.
त्यांनी शब्द लिहून घेतला.

काही अभ्यासांत आजारी माणसांत सी जरा जास्त सापडतो,
काहींत नाही सापडत.
जरा म्हणजे किती?
त्यांनी चिमूट करून दाखवली,
मीठ घालताना धरतात तशी.

आमचे अप्पा मरेपर्यंत 'नाहीं' असंच लिहीत.
नियम बदलले, अप्पांचं टिंब हललं नाही.
उच्चारत कुणीच नव्हतं ते.
तळवलीची कमळीआत्या भिंतीशी बोलायची,
मग एकदा घरात दिसेनाशी झाली.
पत्रात विचारलं तर उत्तर आलं :
'काळजीचें कांहीं नाहीं.'
किती टिंबं त्या एका ओळीत.

निकाल आला. दोघांचा पाठ एकच.
सी, सी.
त्याच अक्षरांनिशी मी एकोणनव्वदच्या जूनमध्ये
छापखान्यात नोकरीला लागले,
आणि त्याच अक्षरांनिशी त्याला
पंख्यातून कुणी नावानं हाक मारली.
मधलं सगळं कुठल्या ओळीत लिहिलंय,
डॉक्टरांना माहीत नाही.
तसं ते सरळ म्हणाले. बरं वाटलं मला.

ऐरोलीच्या घरी, रात्री,
गोळी जिभेवर ठेवून निळकंठ विचारतो,
"तुला आत्ता काय काय ऐकू येतंय?"
मी खरंच कान देते.
फ्रिज. शेजारचा टीव्ही. पुलावरचा एक ट्रक.
तो डोळे मिटून
एकेक शब्दावर बोट ठेवल्यासारखं ऐकतो,
पाणी पितो.
"बरोबर. एवढं माझ्यातही आहे."