परांची उतरवताना

डॉक्टर मॉक कागदावर दोन अळंबी काढतात,
समोरासमोर, मधे केसाहून बारीक फट.
या बाजूनं हाक येते, म्हणतात,
त्या बाजूला ती झेलणारे हात हवेत,
आणि हात जागचे हलू नयेत म्हणून
आत एक परांची.

शब्द ऐकून मी खुर्चीत ताठ झालो.
एकतीस वर्षं मी तेच बांधतोय,
तो क्वा वानच्या जुन्या इमारतींना
बांबूचे पिंजरे. खिळा नाही, स्क्रू नाही,
नायलॉनची पट्टी, पाच वेढे, एक पीळ,
शेवट आत खोचलेला.

बाविसाव्या गुणसूत्राचं टोक तुटलंय,
शँक-तीन नावाचं प्रथिन तिच्यात
अर्धंच बनतं.
अर्धं.
अर्ध्या गाठींवर मी कुणाला चढू दिलं नसतं,
आ-लुंगला तर नाहीच,
ज्याला शिव्या घालघालून शिकवलं.

सुएट-यिंग मांडीवर, सहा वर्षांची,
माझ्या शर्टाचं बटण चावत.
तिच्याजवळ चार शब्द होते:
आई, नको, मासा, दिवा.
चौथं वर्ष लागलं तसे एकेक करून गेले.
दिवा शेवटी गेला.
मागच्या हिवाळ्यात किटलीनं तळवा भाजला,
ती रडली नाही.
रात्री चमचा धरताना फोड दिसला मला.

मी विचारलं, आमच्या धंद्यात
काम झालं की परांची उतरवतात,
भिंत आपली आपण उभी राहते.
तिची का नाही राहत?

डॉक्टरांचं टोपण हातातच राहिलं.
ही उतरवायची नसते, म्हणाल्या,
हिच्याशिवाय भिंत नाही.
आणि हिचा बांबू न् बांबू काही दिवसांत बदलतो,
जुना निघतो, नवा बसतो,
हाका चालू असतानाच.

म्हणजे रात्रपाळीलाही माणसं वर असतात?
असतात. हिच्याकडे कमी आहेत, एवढंच.
'एवढंच' म्हणाल्या, आणि स्वतःच खाली बघितलं.

मग उंदरांचं सांगितलं.
थोराड उंदरांत बिघडलेला भाग
पुन्हा चालू करून पाहिलाय.
काही सुधारलं, काही राहिलं.
उंदीर बोलत नाहीत, मी म्हणालो.
नाही, त्या म्हणाल्या.

आज सकाळपासून उतरवतोय.
वरून गाठी कापायच्या, बांबू हातोहात खाली,
पट्ट्यांचे काळे तुकडे जाळीत साचतात.
चौथ्या मजल्यापर्यंत आलो तेव्हा
दोरीपलीकडे बायको तिला घेऊन उभी,
हातात डबा.

मी हाक मारली, रोज मारतो तशी.
बस गेली. पाव भाजणाऱ्याचं शटर वर गेलं.
आ-लुंगनं खालून विचारलं, थांबू का?
मी एक गाठ कापली,
दुसरीला सुरी लावली,
आणि तेव्हा तिचं तोंड वर वळलं.

उशीर झाला होता.
थांब, मी आ-लुंगला म्हणालो,
आणि कापायचं ठेवून
आहे त्या बांबूवर बसून राहिलो,
ती बघत होती तोवर.